कठड्यावरचा टॉवेल

"हलू नकोस गं, पिन टोचेल," मुलाणीभाभी म्हणाल्या.

त्यांच्या ओठांत दोन पिना होत्या आणि हातात तिसरी. माझ्या टी-शर्टवर त्या नंबराचा कागद लावत होत्या आणि मी मान वळवून मैदानाच्या फाटकाकडं बघत होते.

"तिकडं काय बघतीस? पळून जायचा विचार आहे काय?"

"नाही हो भाभी. आत्तींना एक फोन करू का?"

"आत्ताच केलास की."

"तो रिक्षात बसताना."

"मग? रिक्षातनं उतरेपर्यंत पोरगं काय दहावीला गेलं?"

भाभी आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायच्या. पन्नाशीच्या, अंगानं भारी, गुडघ्यांनी अधू आणि जिभेनं एकदम तरतरीत. सांगलीच्या आसपास कुठंही रस्त्यावरची शर्यत असली की त्या नाव घालायच्या आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत चालत जायच्या. मिळालेली मेडलं त्यांनी फ्रिजच्या दांडीला अडकवली होती. फ्रिज उघडला की घरात घुंगरं वाजल्यासारखा आवाज व्हायचा.

मैदानावर अजून नीट उजाडलं नव्हतं. स्टेजवर एक मुलगी झुंबा करवून घेत होती. "हात वर! अजून वर!" असा तिचा आवाज भोंग्यातून येत होता आणि साड्यांवर बूट घातलेल्या बायका हसत-हसत हात वर करत होत्या. मग सूचना झाली, चालणाऱ्यांनी सगळ्यात मागं थांबावं, पळणाऱ्यांना वाट द्यावी. आम्ही मागं सरकलो. शेजारून पुढं घुसणारे एक गृहस्थ, मनगटावर भलं मोठं घड्याळ, आमच्याकडं बघून म्हणाले, "वहिनी, चालायचंच आहे तर घराजवळ चालायचं. इथं नंबर लावून कशाला?"

"तुम्ही पळून परत इथंच येणार ना?" भाभींनी विचारलं.

"हो."

"आम्ही पण इथंच येणार."

गृहस्थ पुढं निघून गेले. भाभी माझ्याकडं वळल्या. "ऐक. नियम एकच. सगळ्यात शेवटी अ‍ॅम्ब्युलन्स असते. तिच्या पुढं राहायचं. तिच्या पुढं आहेस तोवर तू शर्यतीत आहेस. बाकी कोण काय बोलतंय त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही."

मी मान हलवली. माझं लक्ष खिशातल्या फोनवर होतं.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. अन्वय तेव्हा दीड वर्षाचा होता. आता तो माझ्यापेक्षा उंच झालाय आणि बाहेर जाताना मलाच विचारतो, फोन घेतलास का म्हणून.

तो आठ महिन्यांचा असताना त्याला तापात झटका आला होता. मी खाली दूध आणायला गेले होते. आत्तींनी वरून मारलेली हाक मला आजही तशीच्या तशी ऐकू येते. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या घरी सासूला आत्ती म्हणतात. मी वर पोचले तेव्हा तो त्यांच्या मांडीवर होता, डोळे फिरलेले, हातपाय ताठ. दवाखान्यात जाईपर्यंत तो शुद्धीवर आला होता. डॉक्टर म्हणाले, तापात लहान मुलांना होतं असं, घाबरण्यासारखं काही नाही, मोठा झाला की आपोआप जाईल. मी हो म्हटलं. घरी आले आणि त्या दिवसापासून आंघोळ दार उघडं ठेवून करायला लागले. रात्री तीन-तीनदा उठून त्याच्या नाकाखाली बोट धरायचे. आत्तींना एका शब्दानं बोलले नाही, फक्त त्यांच्याजवळ त्याला ठेवून कुठं जाणं बंद केलं. भाजी आणायलासुद्धा त्याला कडेवर घेऊन जायचे. माझा नवरा अभिजित कामानिमित्त महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी असायचा. तो फोनवर म्हणायचा, "आई आहे की घरात." मी म्हणायचे, "आहेत की."

मग एक दिवस त्याच डॉक्टरांनी बाळाऐवजी माझं ब्लडप्रेशर बघितलं. "बाळ ठणठणीत आहे. आता आईचं बघू. रोज सकाळी तासभर चालायला जायचं," म्हणाले. आत्ती शेजारीच होत्या, त्यामुळं घरी येऊन मला ते लपवता आलं नाही.

आमच्या इमारतीसमोर एक मोकळा प्लॉट होता. त्याच्याभोवती फेऱ्या मारायच्या असं ठरवलं, कारण तिथून आमची तिसऱ्या मजल्यावरची बाल्कनी सारखी दिसायची. पहिल्या आठवड्यात मी दर फेरीला फोन करायचे, "उठला का?" फोनच्या आवाजानं तो उठायचा. आत्ती वैतागल्या. "बाई गं, तो फोन गप्प कर आधी. पोरगं झोपेना त्याच्यामुळं." मी त्यांचा फोन सायलेंटवर टाकला. मग त्याच्या जागी मीच युक्ती काढली. अभिजितचा एक जुना लाल टॉवेल होता. अन्वय उठला की आत्तींनी तो बाल्कनीच्या कठड्यावर टाकायचा. टॉवेल दिसला की मी वर.

तेव्हापासून मी रोज पहाटे त्या प्लॉटभोवती फिरत होते. नजर वर. कठड्याखाली लोखंडी जाळी होती, जाळीमागं आत्तींच्या कुंड्या. मला त्यातलं काही दिसायचं नाही, मी फक्त कठडा बघायचे. टॉवेल क्वचितच लागला. माझं पोरगं झोपाळू आहे असं मी माहेरी कौतुकानं सांगायचे.

भाभी गुडघ्यांसाठी माझ्याबरोबर चालायला लागल्या होत्या. एक दिवस म्हणाल्या, "घाण्याला जुंपल्यासारखी किती दिवस फिरणार आहेस? दहा किलोमीटरची शर्यत आहे. तुझं नाव घातलंय."

"मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर घातलं असतं का? तुझ्या सासूला विचारलं."

आत्ती तेव्हा शेंगा फोडत बसल्या होत्या. "जा की," म्हणाल्या. "मी आहे ना." 'मी आहे ना' म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, शेंगाच फोडत राहिल्या. नाही म्हणायला माझ्याजवळ एकच कारण होतं आणि ते तोंडानं बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून मी हो म्हटलं.

झेंडा हलला. पुढची गर्दी सुटली, आमच्यापर्यंत हालचाल यायला वेळ लागला. मग आम्हीही निघालो. थोड्याच वेळात पळणारे दिसेनासे झाले आणि रस्त्यावर राहिलो आम्ही चालणारे. एक निवृत्त जोडपं, पतसंस्थेतल्या चार बायका, एक काठीवाले आजोबा. बरंच मागं अ‍ॅम्ब्युलन्सचा दिवा, आवाज न करता फिरणारा.

सुरुवातीला माझे पाय सारखे कोपऱ्याची वाट बघत होते. इतके महिने ठरावीक पावलांनी डावीकडं वळायची सवय, आणि हा रस्ता आपला सरळच जातोय. मी दोनदा मान वर करून बघितलं. वर दुकानांच्या पाट्या होत्या.

"काय बघतीस?" भाभींनी विचारलं.

"काही नाही."

"टॉवेल बघतीस."

मी हसले. मग कधी कोण जाणे, बघायचं राहून गेलं. थंडी होती. एका चौकात लेझीमवाल्या मुली थांबल्या होत्या, त्यांनी आमच्यासाठीही खेळून दाखवलं. एका घरासमोर एक आजी पेल्यातून गुळाचे खडे वाटत होत्या. "खा गं पोरी, लांब जायचंय." मी गूळ तोंडात टाकला आणि मला जाणवलं, आपण भराभर चालतोय. भाभी मागं पडत होत्या.

"अगं, शर्यत आहे काय?" त्या मागून ओरडल्या.

"तुम्हीच म्हणालात!"

गावाबाहेर पडल्यावर रस्ता ओढ्याच्या कडेनं जायचा. एरवी त्या रस्त्याच्या एका बाजूला पुरुषभर उंच ऊस असायचा, त्यातून पलीकडचं काही दिसायचं नाही. त्या आठवड्यात तोड झाली होती. रान मोकळं पडलं होतं, नुसती खोडकं आणि पाचट. आणि रानाच्या पलीकडं, चांगली लांब, आमची इमारत उभी होती. पाठीमागनं.

मी मागनं ती कधी बघितलीच नव्हती. क्षणभर ओळखलीही नाही. मग पाण्याच्या टाक्या ओळखीच्या वाटल्या. मग गच्चीवर काहीतरी लाल दिसलं.

मी थांबले.

ते लाल हलत होतं. वर जायचं, खाली यायचं, परत वर.

"भाभी. टॉवेल."

"कुठं?"

"गच्चीवर. आत्ती टॉवेल हलवतायत."

भाभींनी डोळ्यांवर हात धरला. "हात करत असतील गं तुला."

"टॉवेलनं कोण हात करतं?"

मी फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. परत नुसताच वाजत राहिला. तो सायलेंटवर मीच टाकला होता हे त्या वेळी मला आठवलं नाही. मला आठवत होती ती दुधाची पिशवी आणि वरून आलेली हाक. कठड्यावर टॉवेल म्हणजे मूल उठलं. मग गच्चीवर जाऊन टॉवेल हलवायचा म्हणजे काय झालं असेल?

"प्रणोती, ऐक तरी..."

मी बांधावरून रानात उडी टाकली होती. त्या दिवशी मी पळाले असेन तर तेवढंच. उसाची खोडकं पोटऱ्यांना ओरबाडत होती, पाचटात पाय रुतत होते, चष्मा घसरत होता. गच्ची जवळ येत गेली तसा टॉवेल हलायचा थांबला. ते तर फारच वाईट वाटलं. मागच्या फाटकातून आत शिरले, लिफ्टची वाट न बघता जिने चढले. गच्चीचं दार उघडंच होतं.

आत्ती कठड्याजवळ उभ्या होत्या. टॉवेल खांद्यावर. कडेवर अन्वय, हातात केळं, तोंडभर केळं.

"आई!" तो म्हणाला.

मी त्याचं कपाळ चाचपलं. गार. गाल बघितले, डोळे बघितले. त्यानं माझा चष्मा ओढला.

"काय झालं?" मी विचारलं. श्वास पुरत नव्हता.

"काय झालं म्हणजे? तूच सांग, इकडं कशाला आलीस?"

"तुम्ही टॉवेल..."

"मग? ऊस तोडला तसा रस्ता दिसतोय गच्चीवरनं. म्हटलं आई चालताना दाखवू याला. एवढ्या लांबनं हात दिसतोय होय? लाल आहे म्हणून टॉवेल घेतला." त्या बोलता-बोलता थांबल्या. माझ्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्या पायांकडं. "अगं बाई. तुला वाटलं..."

मी तिथंच टाकीच्या कट्ट्यावर बसले.

"फोन का नाही उचलला?"

"फोन खाली आहे. आणि त्याला गप्प कुणी केलंय?"

अन्वयनं मला केळं दिलं, मी ते खाल्लं. उन्हं आली होती. गच्चीवरून रस्त्यावरची माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. भाभी कुठल्या, ओळखू येत नव्हत्या.

"उठ," आत्ती म्हणाल्या.

"आता राहू दे, आत्ती. झालं तेवढं पुष्कळ."

"राहू दे काय? अर्ध्यातनं? सगळ्या बिल्डिंगला सांगून बसलेय मी, सून शर्यतीत आहे म्हणून."

"मी परत निघाले की हा रडेल. उगाच बघितलंय त्यानं मला."

"नाही रडत. त्याला सवय आहे."

हे म्हणाल्या आणि पटकन वळून टॉवेलच्या टोकानं त्याचं तोंड पुसायला लागल्या. पुसून झालं तरी पुसत होत्या.

"कसली सवय?"

"जा बघू आधी. ती अ‍ॅम्ब्युलन्स जाईल पुढं."

मी उठले. दारापाशी जाऊन वळले. एरवी स्वयंपाकघरात गेले तरी माझ्या मागं येणारा माझा मुलगा आजीच्या कडेवरून हात हलवत होता. ओठ वाकडे न करता, रोजचं काम असल्यासारखा. "आई गेनी," म्हणाला.

एक जिना उतरून मी थांबले आणि कान देऊन ऐकलं. रडणं नव्हतं. वर आत्ती काहीतरी बोलत होत्या आणि तो हसत होता.

पुढच्या फाटकातून गेले असते तर दोन गल्ल्यांत चौक होता. परतीची वाट तिथूनच जायची, तिथं शिरले असते तर कुणाला कळलंही नसतं. वॉचमननं सुचवलंसुद्धा, "ताई, चौकातनं घुसा की, तेवढाच फेरा वाचंल." माझा पाय तिकडं वळला नाही. आत्तींनी बिल्डिंगला सांगितलं होतं. मागच्या फाटकानं बाहेर पडले आणि परत त्याच रानातून, आता सावकाश, खोडकं चुकवत, जिथून उडी मारली होती त्या बांधाकडं निघाले.

बांधापाशी रस्त्यावर अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती. ड्रायव्हर बाहेर येऊन बॉनेटला टेकून चिक्की खात होता. मला बघून त्यानं हात झटकले.

"चष्मेवाली, घाबरलेल्या तोंडाची. तुम्हीच का?"

"म्हणजे?"

"एक मोठ्या बाई दम देऊन गेल्यात मला. म्हणाल्या, तशी एक बाई रानातनं परत येणार आहे, ती येईपर्यंत इथनं हललास तर याद राख."

"आणि मी आलेच नसते तर?"

"ते मी पण विचारलं. म्हणाल्या, ती नाही आली तर तिची सासू तिला आणून सोडेल." तो हसला. "आपल्याला काय, शेवटच्या माणसाच्या मागं राहायचं काम. शेवटच्या तुम्ही. बसता का? सोडतो मैदानावर."

"नाही."

"मग चला."

मी चालायला लागले. माझ्यामागं अ‍ॅम्ब्युलन्स, माझ्याच चालीनं. त्या झटक्याच्या दिवसानंतर नुसता अ‍ॅम्ब्युलन्सचा आवाज लांबून आला तरी मी अन्वयला छातीशी धरायचे. आता ती माझ्या पाठीमागून गाईसारखी येत होती. थोड्या वेळानं ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ताई, तुमच्यामुळं हा रस्ता नीट बघायला मिळाला बघा. एरवी कुठं बघतोय आपण."

"छान आहे ना?"

"ओढ्याला पाणी आहे की अजून. मला वाटायचं आटलाय."

जिथून परत वळायचं होतं तिथल्या पाणी-फळं वाटणाऱ्या बायका टेबल आवरत होत्या. त्यांनी आवरलेल्या डब्यातून माझ्यासाठी संत्र्याच्या फोडी परत काढल्या. एकीनं टाळ्या वाजवल्या. मग बाकीच्यांनीही वाजवल्या, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मला लाज वाटायला हवी होती. मी संत्रं खात वळले.

परतताना रान डाव्या हाताला आलं. मी बघितलं. गच्ची मोकळी होती. टॉवेल नाही, माणसं नाहीत. शर्यतीला निघताना ज्याला घाबरले होते ते हेच, की घर दिसणार नाही, तिथं काय चाललंय ते कळणार नाही. आता घर दिसत होतं आणि तरी काही कळत नव्हतं. डोक्यात एकच प्रश्न होता आणि त्यात भीती नव्हती. सवय कसली?

मैदानाच्या फाटकात शिरले तेव्हा फुगवलेली कमान जमिनीवर पडली होती आणि दोघंजण तिच्यावर लोळून हवा काढत होते. पायाखालची वेळ मोजणारी पट्टी गुंडाळून ठेवली होती. मांडववाले खुर्च्या एकात एक घालत होते. एक खुर्ची त्यांना मिळत नव्हती, कारण तिच्यावर भाभी बसल्या होत्या, बूट काढून, पाय दुसऱ्या खुर्चीवर. आणि त्यांच्या शेजारी आत्ती. रिक्षा करून आल्या होत्या. खांद्यावर टॉवेल तसाच. अन्वय पडलेल्या कमानीवर हात आपटत होता.

"आली, आली!" भाभी अनवाणीच उठल्या. "अरे, ती कमान उभी करा रे!"

"काकू, हवा काढली आता," कमानवाला म्हणाला.

"मग दोन मिनिटं बाजूला तरी व्हा. तिला तिच्यावरनं येऊ दे."

मी पडलेल्या कमानीवरून चालत गेले. पायाखाली फुस्स-फुस्स आवाज होत होता. भोंग्याच्या तारा गोळा करणाऱ्या माणसानं नुसत्याच तोंडानं ओरडून सांगितलं, "आणि या आपल्या शेवटच्या स्पर्धक!" अन्वय माझ्या पायांना येऊन बिलगला. मागं अ‍ॅम्ब्युलन्सचा दिवा विझला. भाभींनी पर्समधून मेडल काढून माझ्या गळ्यात घातलं. "संपतील म्हणून आधीच मागून घेतलं. द्यायला नको म्हणत होते. मी म्हटलं, ती गाडीच्या पुढं आहे, गाडी आल्याशिवाय शर्यत संपली कशी?"

मी आत्तींसमोर खाली बसले. गवतावरच.

"आत्ती, सवय कसली?"

त्यांनी भाभींकडं बघितलं. भाभी बूट घालण्यात गुंतल्या, इतक्या की मला कळलं, त्यांनाही माहीत आहे.

"रोज उठतो तो," आत्ती म्हणाल्या. "तू दार ओढून घेतलंस की उठतो. पहिल्यापासून."

"रोज?"

"मी घेते त्याला आणि बाल्कनीत खाली बसते. कुंड्यांमागं. जाळीतनं तू दिसतेस. 'ती बघ आई गेली, ती बघ आई आली.' पहिले चार दिवस रडला. मग तुला हात करायला लागला. तू कोपऱ्यावर आलीस की 'आई आनी', वळलीस की 'आई गेनी'. तुझ्या फेऱ्या संपेपर्यंत आमचं तेच."

"आणि टॉवेल?"

"टॉवेल कपाटात."

"दोन-तीनदा लावला होता की तुम्ही. मी वर आले होते."

"तेव्हा मला बाथरूमला जायचं होतं."

भाभी खो-खो हसल्या. आत्ती हसल्या नाहीत. अन्वयच्या पायाचं गवत झटकत बसल्या.

"मी रोज वर बघत होते," मी म्हणाले. "तुम्ही दोघं मला कसे दिसला नाहीत?"

"तू टॉवेल बघत होतीस." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तो माझ्या मांडीवर होता, प्रणोती. तू मला काही बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं. रोज टॉवेल लावला असता तर तू रोज धावत वर आली असतीस. तुला वाटलं असतं, यांच्याजवळ राहत नाही तो."

मी मेडल काढलं आणि त्यांच्या गळ्यात घालायला गेले. त्यांनी हात झटकला. "हे काय नाटक? घाम बघ किती आलाय." त्यांनी खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि माझं तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं, कानामागून, गळ्याखालून. मग खाली वाकून पोटऱ्यांवरचं रक्त आणि माती पुसली. "खोडकातनं कोण पळतं गं," असं पुटपुटत होत्या. अन्वयला ती गंमत वाटली. त्यानंही टॉवेलचं एक टोक धरलं आणि माझ्या गुडघ्यावर घासलं.

रिक्षात चौघं बसलो. भाभींच्या मांडीवर माझे बूट आणि माझ्या मांडीवर झोपलेला अन्वय. घरी येईपर्यंत मी त्याच्या नाकाखाली बोट धरलं नाही. हे घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पोटऱ्या ठणकत होत्या. तरी उठले. हळूच दार ओढून घेतलं आणि बाहेर क्षणभर उभी राहिले. आत बारीक आवाज आला, "आई गेनी." मग आत्तींच्या पायांचा आवाज. मी खाली उतरले.

फाटकातून उजवीकडं वळलं की प्लॉट. मी डावीकडं वळले, ओढ्याच्या रस्त्याला. कोपऱ्यावर गेल्यावर थांबले. मागं बघितलं नाही असं म्हणणार नाही, बघितलं. जाळीमागं अंधार होता. मी तिकडं हात केला. आणि मग वर नजर गेली तर कठड्यावर लाल टॉवेल होता.

आदल्या दिवशी तो माती-रक्तानं भरला होता, आत्तींनी रात्रीच धुतला असेल, वाळत घातला असेल. नसेलही. तेवढ्या लांबून त्यातून पाणी ठिबकतंय की नाही ते दिसत नव्हतं.

मी वळले आणि चालायला लागले.